पाय चेपायचं मशीन

चूक माझीच होती, हे आधीच सांगून टाकते. बावीस वर्षं हाडांच्या वॉर्डात काढलेल्या बाईनं तोंडातून शब्द काढताना दोनदा विचार करायला हवा होता. पण शुक्रवारची दुपार होती, थिएटरमधून एकामागोमाग तीन पेशंट वर आले होते, आणि समोर उभ्या असलेल्या नागव्वा अम्मांना मराठी अर्धीच कळत होती. खाटेच्या पायथ्याशी अडकवलेल्या पेटीकडे बोट दाखवून त्यांनी अर्ध्या कन्नडमध्ये विचारलं, "सिस्टर, हे एनु?"

"अम्मा, हे पाय चेपायचं मशीन," मी म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे वळले.

पेशंट म्हणजे त्यांचे यजमान, चन्नवीर स्वामी. अक्कलकोटकडच्या एका खेड्यातले जंगम. लिंगायत घरांत जंगम म्हणजे गुरू. पाळण्यापासून मातीपर्यंत सगळं त्यांच्या हातून होतं, आणि श्रावणात घरोघरी त्यांची पाद्यपूजा होते. ताटात त्यांचे पाय ठेवायचे, पाणी घालायचं, भस्म लावायचं, बेल वाहायचा आणि तेच पाणी तीर्थ म्हणून घ्यायचं. स्वामींचं वय बहात्तर. अशीच एका घरची पूजा आटोपून उठले, ताटातलं पाणी फरशीवर सांडलं होतं, त्यावरून पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. म्हणजे ज्या पाण्यानं लोक पावन झाले त्याच पाण्यानं गुरू सोलापूरला आमच्या खाटेवर आले.

ऑपरेशन डॉक्टर उदयसिंहांनी केलं. अकलूजचा माणूस, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, बोलणं कमी आणि हात चांगला. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "सिस्टर, यांना रक्त पातळ ठेवायची इंजेक्शनं देता येत नाहीत. दोन महिन्यांपूर्वी पोटातल्या अल्सरमधून रक्त गेलंय. हाड ठिसूळ आहे, अंगात रक्त कमी आहे, गुरुवारपर्यंत उभं करता येणार नाही. आपल्या हातात फक्त हे मशीन आहे. रात्रंदिवस चालू ठेवायचं."

ते मशीन तसं साधं. दोन्ही पोटऱ्यांना निळे पट्टे गुंडाळायचे, त्यांना नळ्या जोडायच्या. पेटी घुंई करून हवा भरते, पट्टा पोटरीला घोट्याकडून वर आवळतो, मग फुस्स करून सोडतो. मग दुसरा पाय. माणूस चालतो तेव्हा पोटऱ्या हेच काम करत असतात, पायातलं रक्त वर ढकलत असतात. माणूस आडवा पडला की ते काम थांबतं, रक्त साचतं, साचलेल्या रक्ताची गुठळी होते. ती तिथंच राहिली तर पाय सुजतो. सुटून वर फुप्फुसात गेली तर माणूसच जातो.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. गेल्या वर्षी चिंचोळी एमआयडीसीतला एक कामगार याच वॉर्डात होता. अडतीस वर्षांचा, मांडीचं हाड मोडलेलं. पट्ट्यांनी घाम येतो म्हणून रोज काढून उशाखाली ठेवायचा, आणि आम्ही रोज त्याला रागवून गप्प बसायचो. सहाव्या दिवशी बायको डबा घेऊन आली म्हणून उठून बसला, "दम लागतोय" म्हणाला आणि संपला. डब्याचं झाकणसुद्धा उघडलं नव्हतं. त्या बाईचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. तेव्हापासून ती पेटी बंद दिसली की माझं डोकं फिरतं, आणि मी ते फिरू देते.

नागव्वा अम्मांना मात्र माझ्या शब्दाची गंमत वाटली. "लग्न झाल्यापासनं मीच चेपत आले की ओ. आता मला सुट्टी म्हणायची," असं म्हणत त्या तोंडाला पदर लावून हसल्या. मग कुणाला तरी फोन लावून कन्नडमध्ये सगळी हकिगत सांगायला बसल्या. त्यातलं "कालु ओत्तो मशीन" एवढं मला कळलं. पाय चेपणारं मशीन. मलाही बरं वाटलं, चला, अम्मांना समजलं.

शनिवारी दुपारी दोनला ड्यूटीवर आले तर स्वामींच्या खाटेभोवती पाच माणसं. खाटेवर पितळी ताट, ताटात स्वामींचे दोन्ही पाय, पाण्यात बेलाची पानं. निळे पट्टे खुर्चीवर गुंडाळून ठेवलेले. पेटी बंद.

"हे कोणी काढलं?"

"मी," एक आवाज आला. आवाज असा की भुलीतला पेशंटसुद्धा जागा व्हावा. पंचावन्नच्या पुढचा माणूस, पांढराशुभ्र शर्ट, कपाळावर भस्माच्या तीन रेघा. हा गुरप्पा. गावात त्याची डाळमिल आहे आणि स्वामींचा हा पहिल्या नंबरचा भक्त. अम्मांनी फोन केला होता तो यालाच. "पाण्याजवळ वीज नको म्हणून बटण बंद केलं. शॉक बसला म्हंजे? आमाला बी कळतंय की थोडं."

त्याचा मुद्दा खोटा नव्हता, म्हणून मला जास्तच राग आला. "मालक, पाणी इथं आणायचंच कशाला? हा वॉर्ड आहे. ऑपरेशन होऊन एक दिवस झालाय. हे पट्टे काढायचे नाहीत, एक मिनिटसुद्धा नाही."

गुरप्पानं माझ्या छातीवरची पाटी वाचली. बुद्धप्रिया सरवदे, परिचारिका. बुद्धप्रिया हे नाव असलं की आडनावापर्यंत जायची लोकांना गरज पडत नाही. त्यानं काही बोलून दाखवलं नाही, फक्त माझ्या बाजूला असलेला तीर्थाचा तांब्या उचलून पलीकडे ठेवला. असे तांबे सरकताना मी पुष्कळ पाहिलेत. मी तिकडे लक्ष दिलं नाही. ताट उचललं, पाय पुसले, पट्टे बांधले, बटण दाबलं.

स्वामी मान खाली घालून होते. भक्त बाहेर गेल्यावर हळूच म्हणाले, "सिस्टर, रागवू नका. पाय मागितला की द्यावा लागतो. आमच्या वडलांनी शिकवलंय, जंगमाचा पाय त्याचा नसतो, भक्ताचा असतो."

"आणि गुठळी झाली तर ती कुणाची? भक्ताचीच का?"

ते हसले. हे हसण्यावारी नेणंच मला भोवणार होतं.

मी दारावर 'पूजा करू नये, पट्टे काढू नयेत' असा कागद लावला, वॉचमनला सांगितलं, पुढच्या ड्यूटीच्या मुलींना वहीत ठळक अक्षरांत लिहून दिलं. दर तासाला मी स्वतः जाऊन पाय बघत होते. पाऊल गरम आहे ना, बोटांचा रंग कसा आहे, पावलावरची नाडी लागते का. पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या रेषेत दोन बोटं ठेवली की ती लागते. स्वामींची अगदी बारीक होती, शोधावी लागायची. माझी बोटं पायाला लागली की ते सवयीनं हात वर करायचे, आशीर्वाद द्यायला. मग त्यांच्या लक्षात यायचं आणि हात खाली घ्यायचे. मला हसू यायचं.

रविवारी दुपारी दोनला पुन्हा आले. दारातूनच पाहिलं, पेटीवरचा हिरवा दिवा दिसत नव्हता.

यावेळी ताट नव्हतं, पाणी नव्हतं. खाटेवर पायांच्या दोन्ही बाजूंना दोन धट्टेकट्टे शेतकरी मांडी घालून बसले होते आणि खोबरेल तेल लावून स्वामींच्या पोटऱ्या चेपत होते. मन लावून, डोळे मिटून, ओठांत नमःशिवाय. स्वामींचेही डोळे मिटलेले. नागव्वा अम्मा कौतुकानं बघत होत्या.

"हात काढा," मी म्हणाले. त्यांनी काढले नाहीत तेव्हा ओरडले, "हात काढा म्हणते ना!" अख्खा वॉर्ड माझ्याकडे बघू लागला.

गुरप्पा व्हरांड्यातून धावत आला. हातात मोबाईल. त्यानं मला मोठ्या अभिमानानं ग्रुपवरची यादी दाखवली. दहा ते बारा कोण, बारा ते दोन कोण, दोन ते चार कोण. गुरुवारपर्यंतच्या पाळ्या लावून मोकळा. सकाळच्या नव्या सिस्टरला त्यांनी सांगितलं होतं की मोठ्या सिस्टरशी बोलणं झालंय. ती बिचारी एकटी तीस पेशंटांवर, तिनं विश्वास ठेवला.

"दहा वाजल्यापासून बंद आहे? चार तास?"

"बंद कुटं? सेवा चालू हाय की!" गुरप्पा म्हणाला. "सिस्टर, तुमीच म्हणलात न्हवं, पाय चेपायचं मशीन म्हणून? आमी पन्नास भक्त जित्ते असताना स्वामींचे पाय मशीननं चेपायचे व्हय? गावात तोंड दाखवायचं कसं आमी? मशीनला काय भक्ती असती?"

तो थट्टा करत नव्हता, उर्मटपणाही करत नव्हता. गुरूचे पाय चेपणं ही त्यांच्याकडे मोठी सेवा. ती एका पेटीला दिली म्हणून त्याला मनापासून लाज वाटली होती. आणि तो शब्द त्याच्या हातात मीच दिला होता. मी जर शुक्रवारी दोन मिनिटं थांबून नीट सांगितलं असतं, तर हे चार तास गेले नसते. मला माझीच चीड आली.

पण चीड गिळून मी पोटऱ्यांना फीत लावली. ऑपरेशनच्या बाजूची पोटरी दुसरीपेक्षा दोन सेंटिमीटर जास्त भरली. ऑपरेशननंतर पाय सुजतोच. पण गुठळी झाली तरी असाच सुजतो, आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. मी डॉक्टरांना फोन केला.

"पट्टे बांधू नका," ते म्हणाले. "चार तास बंद होतं, वरून चेपलंय. आत गुठळी असेल तर मशीनच ती वर ढकलेल. आधी सोनोग्राफी. मी निघालो."

मशीन बंद म्हणून मी भांडत होते, आणि आता मीच ते चालू करू शकत नव्हते. स्वामींना स्ट्रेचरवर घेऊन खाली गेलो. गुरप्पा मागं मागं. लिफ्टमध्ये त्यानं विचारलं, "काय झालं सिस्टर? काय बी सांगंना कुणी." मी सांगितलं. या वेळी सोपा शब्द शोधला नाही. गुठळी कशी होते, कशी सुटते, चेपणाऱ्या हातांनी ती कशी सुटू शकते, चिंचोळीच्या माणसाचं काय झालं, सगळं सांगितलं. त्यानं दोन्ही हात शर्टाला पुसले, पुन्हा पुसले. हाताला तेल नव्हतं तरी पुसत होता.

तासाभरानं डॉक्टरांनी पडद्यावरून मान वर केली. "नाही. शिरा मोकळ्या आहेत. सुटलो." मग गुरप्पाकडे वळून म्हणाले, "आज नशीब होतं, मालक. दरवेळी असतंच असं नाही. गुरुवारपर्यंत हे मशीन सुटलं तर मी जबाबदार नाही."

गुरप्पा मान डोलावत होता. मला वाटलं, आला ताळ्यावर. आणि दारातून बाहेर पडता पडता तो म्हणतो, "डॉक्टर, उद्या तेवढा श्रावणी सोमवार हाय. गावातनं लोक निघालेत, साठेक माणूस हाय. ट्रस्टच्या साहेबांस्नी फोन करून मी परवानगी काढलीया. चेपायचं न्हाई, कबूल. नुसती पूजा. पंधरा मिनटं मशीन काढायचं, लगीच लावायचं."

साठ माणसं आणि पंधरा मिनिटं! आमच्याकडे म्हणतात, पालथ्या घड्यावर पाणी. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. हॉस्पिटल ट्रस्टचं, त्या साहेबांपुढे त्यांचंही चालत नाही, माझं तर नाहीच नाही.

चारच्या सुमाराला, वर आणल्या आणल्या, मी स्वामींना पट्टे बांधत होते. अम्मा चहा आणायला गेल्या होत्या. मशीन सुरू झालं, घुंई, फुस्स. मी खुर्ची ओढून बसले. ड्यूटीवर मी कधी बसत नाही.

"स्वामी, माझी एक चूक झाली. हे पाय चेपायचं मशीन नाही."

"मग?"

"तुम्हाला जंगम का म्हणतात?"

ते चमकले. असं त्यांना कुणी विचारलं नसावं, त्यातून मी. "जंगम म्हंजे फिरता," ते म्हणाले. "एका जागी बसायचं न्हाई. या घरातनं त्या घरी चालत ऱ्हायचं."

"म्हणजे वाटणीच्या कागदात लिहितात ना, स्थावर आणि जंगम, त्यातलाच."

"त्यातलाच की." ते हसले. "घर-जमीन स्थावर. हलतं ते जंगम."

"तुम्ही खाटेवर पडलात, तुमच्या पायातलं रक्त स्थावर व्हायला बघतंय. त्याला हे मशीन चालवतंय. तुम्ही उठेपर्यंत तुमच्याऐवजी हे चालतंय. तुम्ही ताटात पाय दिलात की ते थांबतं. मी भांडून भांडून किती भांडणार? माझी ड्यूटी आठ तास. तुमचे भक्त माझं ऐकणार नाहीत, डॉक्टरांचं ऐकणार नाहीत. ते एकाच माणसाचं ऐकतील."

त्यांच्या उशाशी भस्माची डबी होती, तिच्यावर बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "सिस्टर, खरं सांगू? मरायला मी भ्यालो न्हाई. पर बावन्न वर्षांत पाय न्हाई म्हणलो न्हाई कुणाला. ताप असताना दिला, घरात मयत झाली त्या महिन्यात दिला. मला दुसरं काय येतं? शेत न्हाई, धंदा न्हाई. उद्या न्हाई म्हणलो आनि परत कुणी पाय मागायलाच आलं न्हाई, तर मी कोण?"

इतका वेळ मला वाटत होतं की हा माणूस भिडस्त आहे. तो भ्यालेला होता. साठ माणसांना नव्हे, त्यांच्यावाचून राहण्याला.

"ते मला माहीत नाही," मी म्हणाले. "पण नाही म्हणायला तरी माणूस जिवंत लागतो."

माझं बोलणं कडू झालं असेल. मला गोड बोलता येत नाही.

सोमवारी माझी ड्यूटी दुपारची होती. मी सकाळी नऊलाच गेले. घरात सांगितलं, जेवायची वाट बघू नका. वॉर्डच्या पायऱ्यांवर, व्हरांड्यात, खाली सायकल स्टँडजवळ, सगळीकडे माणसं. बायकांच्या हातात परडी, बेल, भस्म, घरून आणलेलं पाणी. कुणी गडबड करत नव्हतं, चपला बाहेर ओळीनं लावल्या होत्या. एवढी शिस्तीची माणसं मी कशी हुसकावून लावणार होते? आणि एकेकाला लावलं तरी किती दिवस?

मी खाटेच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिले. पेटी माझ्या मागं, चालू. दहाच्या आत गुरप्पा आला. हातात शनिवारचंच पितळी ताट, खांद्यावर धुतलेला पंचा. त्याच्या मागं दारात माणसं, त्यांच्या मागं आणखी माणसं.

"सिस्टर, सरा जरा. पंधरा मिनटं."

"नाही."

"साहेबांची परवानगी हाय."

"साहेबांना घेऊन या. ते बटण बंद करतील आणि तसं वहीत सही करून देतील, मग मी सरकते."

तो वाकून माझ्या बाजूनं बटणाकडे हात घालू लागला. मी बटणावर तळहात ठेवला. माझा हात तिथं होता म्हणून त्याचा थांबला. माझ्या हाताला त्याला हात लावायचा नव्हता, ते मला दिसलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या गोष्टीचा मला उपयोग झाला. आम्ही दोघं तसेच वाकलेले. मशीन आपलं चाललं होतं, घुंई, फुस्स.

"ब्याड," स्वामी म्हणाले.

अक्कलकोटकडच्या कन्नडमध्ये ब्याड म्हणजे नको.

गुरप्पा सरळ झाला, तोंडभर हसला. "ऐकलंत? स्वामी सोता म्हणाल्यात, मशीन नको. काढा हात."

"गुरप्पा," स्वामी म्हणाले, "तुला म्हणलो."

गुरप्पाच्या हातातलं ताट कललं, आतला तांब्या सरकून काठाला आदळला. त्याला वाटलं असावं आपल्या ऐकण्यात चूक झाली. "मला? मला काय?"

"पाय न्हाई. आज न्हाई. गुरुवारपतोर न्हाई."

"स्वामी, श्रावणी सोमवार हाय..." त्याचा तो मोठा आवाज एकदम बारीक झाला. "लोक चार वाजल्यापासनं उपाशी हायत. माझे वडील गेले त्या दिवशी बी तुमी पाय दिला होता. आजच काय झालं?"

स्वामींच्या कपाळावर घाम आला होता. उशीवरून मान उचलून ते बोलत होते आणि त्यांचा हात चादर घट्ट धरून होता. "काल काय झालं ते तुला ठाऊक हाय. खालच्या खोलीत तू बी होतास. हे मशीन पाय चेपत न्हाई, गुरप्पा. मी पडून हाय तवर माझ्याऐवजी चालतंय. जंगमाला थांबवून त्याची पूजा करायची व्हय? मग दगडाचीच करा की, दगड कुटं जात न्हाई."

कुणीतरी बाई बाहेर रडायला लागली. गुरप्पाच्याही डोळ्यांत पाणी आलं. त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात काय होतं ते लपवायचं त्याला सुचलं नाही.

"म्हंजे आमी हात लावायचा न्हाई," तो म्हणाला. "आनि हिनं लावायचा?"

"व्हय."

"का?"

"तुमी माझ्या पाया पडता," स्वामी म्हणाले. "ती माझे पाय बघती. आत्ता मला बघणारं माणूस पायजे."

त्यांनी मान उशीवर टाकली. दमले होते. पण चादर धरलेली मूठ सैल झाली होती. नागव्वा अम्मा खाटेच्या कडेला उभ्या होत्या. त्यांनी पुढं होऊन गुरप्पाच्या हातातलं ताट काढून घेतलं आणि खिडकीत नेऊन ठेवलं.

मी घड्याळात बघितलं. दहा वाजले होते. दहाची पायाची तपासणी. मी ड्यूटीवर नव्हते तरी वेळ झाली होती, आणि सकाळची मुलगी दारातल्या गर्दीच्या पलीकडे अडकली होती.

खरं सांगते, माझा हात एकदम पुढे होईना. साठ माणसं माझ्या बोटांकडे बघत होती. ज्या पायांना आज त्यांच्यातल्या कुणालाच शिवता येणार नव्हतं, ते पाय मी हातात घ्यायचे. चिडेल कुणी, धावून येईल, काही सांगता येत नाही. मग मला माझाच राग आला. बावीस वर्षं जे करतेय ते कोणाला विचारून केलं नव्हतं.

मी पावलावरची चादर बाजूला केली. पाऊल हातात घेतलं. गरम होतं. बोटं दाबून सोडली, रंग परत आला. मग पावलावर दोन बोटं ठेवली आणि नाडी शोधायला लागले.

ती लागेना. तिची सवयच होती तशी. बोटं जरा वर सरकवली, जरा आत. स्वामी माझ्याकडे बघत होते, आशीर्वादाचा हात या वेळी वर आला नव्हता. गुरप्पा श्वास रोखून उभा होता. मागचे लोक टाचा उंचावून बघत होते, कुणी कुणाला ढकलत नव्हतं. मशीननं एका पायाला आवळलं, सोडलं. दुसऱ्याला आवळलं, सोडलं.

लागली. बारीक, पण लागली. मी पूर्ण एक मिनिट मोजली.

"काय?" गुरप्पानं विचारलं.

"लागते."

त्यानं मागं वळून दारातल्यांना सांगितलं, "नाडी लागती." दारातल्यांनी व्हरांड्यातल्यांना सांगितलं. शब्द पायऱ्यांवरून खाली उतरत गेल्याचं मला ऐकू येत होतं, लागती म्हणं, लागती, मराठीत आणि कन्नडमध्ये, पार खाली सायकल स्टँडपर्यंत. माणसांनी आपापल्या जागी उभ्या उभ्याच हात जोडले.

दुसऱ्या पायाची नाडी बघून मी वेळ आणि आकडे वहीत लिहिले, चादर सारखी केली. गुरप्पा अजून तिथंच होता. वहीत काय लिहिलंय ते वाकून बघत होता.

"पुढची कवा?"

"अकरा वाजता."

तो दारात जाऊन उभा राहिला. "अकरा वाजता," त्यानं लोकांना सांगितलं. कुणी घरी गेलं नाही.